कळंबच्या हॉटेलात बसून खाल्लेली सुशीला

मंडळी, आज आईसोबत कळंबला मुरमुऱ्यांची गरमागरम सुशीला खाल्ली. खाता खाता तिनं साठच्या दशकातली गोष्ट सांगितली.

तेव्हा ती तेरच्या शाळेत नवीन बाई म्हणून लागली होती. एकदा कळंबच्या बाजाराला आली आणि परतीची एसटी चुकली, पोटात कावळे ओरडत होते, म्हणून ती सरळ हॉटेलात शिरली. आत सगळी गडीमाणसं.

मालक म्हणाला, "बाई, इथं बायका बसत न्हाईत. पुडीत बांधून देतो."

"मला भूक इथंच लागलीय. इथंच बसून खाणार," आई म्हणाली.

ती बाकड्यावर बसली ती उठलीच नाही. शेवटी मालकानंच सुशीलेची बशी आणून ठेवली. पुढच्या बाजारी ती दोन मैत्रिणींना घेऊन गेली!

लई अभिमान वाटला. तुमच्या घरातली कोणती बाई हॉटेलात पहिल्यांदा बसून जेवली? विचारलंय कधी?