गोणीतली भांडी

ऊर्जानगरच्या रस्त्याला माझ्या सासऱ्यांची विटाभट्टी होती. विटा पाडायला छत्तीसगडची माणसं दिवाळीनंतर यायची आणि पावसाच्या तोंडाशी परत जायची. जाताना त्यांच्या मुकादमाची बायको आपली भांडी गोणीत बांधून आमच्या माळ्यावर ठेवायची. भाताचा पितळी गंज, दोन पराती, एक कढई. एवढं ओझं कशाला न्यायचं, म्हणायची. मी या घरात नवीनच होते, मला ते खरंच वाटलं.

त्या वर्षी निघताना मात्र ती म्हणाली, "पोरीचं लगन आहे बाई, भांडे घेऊन जातो." मी ती चिंचेने घासून लखलखीत करून दिली. वरून एक नवा पेलाही घातला. स्वतःवर मी फार खूश होते.

संध्याकाळी सासऱ्यांना कळलं तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. "तुनं भांडे काऊन देले? भांडे गेले म्हणजे मानसं गेले."

ज्याच्या माळ्यावर मजुरांची भांडी, त्याच्याकडेच मजूर परत येणार, अशी भट्टीवाल्यांमधली रीत. साऱ्या तालुक्याला ठाऊक, मलाच नव्हती. गंजाने माणसं बांधून ठेवायची ही कसली रीत, असं मी म्हटलं. अर्थात मनातच.

दिवाळी गेली, कोणी आलं नाही. क्वार्टर बांधणाऱ्या ठेकेदाराला विटा कबूल केलेल्या. भट्टीत जाळायला माजरीच्या खाणीतला कोळशाचा चुरा येऊन पडला होता, सावली गावच्या राइस मिलमधला कोंडाही. गावातली माणसं धान कापण्यात गुंतलेली. पौषात आली ती उन्हं वर आल्यावर यायची आणि बैल घरी यायच्या आत जायची. त्यांच्या विटा मधोमध तडकायच्या. एक बाई हसून म्हणाली, "माती आमाले ओळखत नाई." ट्रकवाल्याने दुसरीकडे काम धरलं, समोरच्या चहावाल्याने टपरी हलवली. शेवटी ठेकेदाराने सांगितलं, होळीपर्यंत भट्टी लागली, विटा भाजायला पडल्या तर ठीक, नाहीतर मी दुसरीकडून विटा उचलतो. तसं झालं तर भट्टी विकण्यावाचून गत नव्हती.  

माघात मी आणि नवरा मजुरांना आणायला त्यांच्या गावी गेलो. काय बोलायचं ते मी रेल्वेत पाठ केलं होतं.

मुकादमाचं सारवलेलं अंगण, भिंतीला टेकवून उन्हात वाळत घातलेल्या पराती. चुलीवर तो गंज. फळीवर माझा पेला. मी हातांनी घासली, तरी ही भांडी माझ्या लेखी गोणीतलीच होती. त्यांना घर आहे, हे माझ्या डोक्यात कधी आलंच नव्हतं. मला लाज वाटली.

लग्न झालेली लेक माहेरपणाला आली होती. "औंदा इथीच कालव्याचं काम निघालं," मुकादमाची बायको सांगत होती. "किती वर्सानं घरची होळी पाहू."

तिने आम्हाला जेवायला वाढलं आणि विचारलं, "बाई, भट्टी लागली का?"

नाही म्हटलं असतं तर तिने भांडी बांधायला घेतली असती. ते मला पक्कं ठाऊक होतं.

"लागली," मी म्हटलं.

नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं आणि आणखी थोडा भात मागितला.