डब्यातली नाळ

विलिमाइना बावीस वर्षं बंदरावरच्या इस्पितळात अपुऱ्या दिवसांच्या बाळांची खोली पुसत होती. तरी काचेच्या पेटीपाशी आली की तिचा हात अजूनही थांबायचा. ओंजळीत मावेल एवढा जीव, छाती धपापतेय, आणि जगायचंच म्हणतोय! "मला अजून खरं वाटत नाही गं," असं ती नर्सेसना सांगायची. नर्सेस हसायच्या.

कुणी नेमून न दिलेलं आणखी एक काम ती करायची. आई जवळ नसताना एखाद्या बाळाची वाळकी नाळ गळून पडली, की ती गॉजमध्ये गुंडाळून, वर नाव लिहून, बिस्किटांच्या डब्यात जपून ठेवायची. नाळ गावच्या मातीत पुरायची आणि वर नारळ लावायचा. ती हरवली तर पोर जन्मभर भटकतं, हे फिजीत लहान मूलही सांगेल. विलिमाइनाच्या लेकाची, वाइसाकेची नाळ तीस वर्षांपूर्वी चादरींबरोबर धुवायला गेली. नर्सला विचारायला ती लाजली. पुढे वाइसाके खलाशी झाला, आणि आता सात वर्षं त्याचा पत्ता नव्हता. त्याचं नावसुद्धा ती कुणापुढे काढत नसे.

त्या वर्षी नवीन सिस्टरबाईंनी आईबापांसाठी कागद काढला. प्रत्येक प्रश्नापुढे हसऱ्यापासून रडक्यापर्यंत पाच चेहरे, आवडेल त्यावर खूण करायची. आया विलिमाइनाशी मोकळं बोलतात, म्हणून वाटायचं काम तिच्याकडे आलं.

"सगळेच हसरे?" सिस्टरबाई कागद चाळत म्हणाल्या. "एकही तक्रार नाही?"

"बाई, तुम्ही पोटभर जेवू घालून वर विचारताय, भाजी कशी झाली! कोण नावं ठेवील?"

गुरुवारी गाऊ बेटावरची लितिया आणि तिचा नवरा एरोनी घरी निघाले. नऊशे ग्रॅमची पोर दोन किलोंची झाली होती. दुपारची बोट होती. लितियाने सगळ्या हसऱ्या चेहऱ्यांवर भराभर खुणा केल्या आणि दोघं जिन्याकडे वळली. एरोनीने गावाहून आणलेला, कोंब फुटलेला नारळ मात्र व्हरांड्यातच होता.

"अरे, नारळ राहिला की!" विलिमाइना म्हणाली.

"राहू द्या, बुबू," एरोनी म्हणाला. बुबू म्हणजे आजी. "तुमच्या अंगणात लावा."

"पोरीचा नारळ माझ्या अंगणात? डोकं ठिकाणावर आहे ना?"

लितियाने मान खाली घातली. "त्याच्याखाली पुरू काय, बुबू? मी तापाने पडले होते, तेव्हाच नाळ पडली. गेली असेल केरात. इथल्या लोकांनी पोरीला मरणातून ओढून काढलं. वर नाळ कुठाय म्हणून विचारायचं? बरं दिसतं का ते?"

विलिमाइनाला स्वतःच्याच तोंडात मारून घ्यावंसं वाटलं. सहा आठवडे ती नाळ डब्यात होती! नाळ मागायचा मान बापाकडच्यांचा, आपण होऊन हातात कोंबायची नाही, म्हणून ती त्यांच्या विचारण्याची वाट बघत बसली होती. आणि ही पोरगी लाजत होती, तीस वर्षांपूर्वी ती स्वतः लाजली होती तशीच.

गुडघे दुखत असतानाही ती धावत गेली आणि डबा घेऊन आली.

एरोनीने गॉज उलगडला. आत काळपट, वाळलेला, करंगळीच्या नखाएवढा तुकडा होता.

"एवढीच?" त्याने तो तळहातावर घेतला. "एवढ्याशा वाटेने आली ही?"

पोरीने जांभई दिली, आणि तिघं जण ती जांभई बघत राहिले. विलिमाइनाने बावीस वर्षांत हजार जांभया पाहिल्या असतील, पण आज तिच्या अंगावर काटा आला.

लितिया ढसाढसा रडली. मग डोळे पुसत म्हणाली, "बुबू, तुमचं कुणी आहे?"

"लेक आहे. त्याची हरवली. मी विचारलंच नाही कुणाला."

बोटीचा भोंगा वाजला. एरोनीने नारळ खांद्यावर घेतला, दोन पावलं गेला आणि मागे वळला.

"हिच्या झाडाशेजारी दुसरं एक लावतो."

"कशावर लावशील, बाबा? पुरायला काही नाही."

"त्याचं नाव घेऊन लावतो. सांगा."

विलिमाइनाने ॲप्रनच्या टोकाशी चाळा केला, मग हात खाली सोडले.

"वाइसाके," ती मोठ्याने म्हणाली. "वाइसाके त्याचं नाव."