टँकरच्या रांगेतला गायक

त्याला मी मुद्दाम पाण्याला धाडलं होतं. परवा आमच्या जुन्या रॉक बँडच्या पहिल्या, आता पन्नाशीतल्या गायकाचा एकट्याचा नवा अल्बम ऐकला आणि दुष्काळातली बजाजनगरची ती तापलेल्या पत्र्यांची सरावाची खोली आठवली. तो सिल्लोडकडच्या बोलीत गायचा, त्याची आम्हाला लाज वाटायची. “टँकर आलाय, पळ,” म्हणून मी त्याला पिटाळलं आणि तेवढ्यात शहरी उच्चारांच्या एका पोराला गायला लावून त्याच्या जागी पक्कं केलं. तो दोन्ही हातांत भरलेले कॅन घेऊन आला. “लई गर्दी गड्या. घ्यायचं का आता माझं गाणं?” मी त्याच्या हातातले कॅन घेऊन खाली ठेवले. अल्बममध्ये तेच गाणं आहे, त्याच बोलीत. काल त्याला फोन करून सगळं सांगितलं. “ठाव हाय. खिडकी उघडीच व्हती, रांगेत ऐकू येत व्हतं,” तो म्हणाला. “माफ कर,” एवढंच मला म्हणता आलं.