अहमदपूरपर्यंत

बावन्नाव्या वर्षी मी आरामाची मोटारसायकल घेतली आणि पहिला महिनाभर आराम सोडून सगळं काही मिळालं.

त्याआधीची गाडी माझ्याकडे बावीस वर्षं होती. वजनाला रेड्याएवढी. किक उलटली की नडगी सुजायची. सीट म्हणजे लोखंडी पत्र्यावर कातडं ताणलेलं, खाली दोन स्प्रिंगा, त्यातली एक किनवटच्या जंगलात तुटली ती पुन्हा कधी बसलीच नाही. मागच्या माणसासाठी वेगळी बोटभर जाडीची गादी होती आणि तिच्या दोन्ही बाजूंनी कॅरिअरच्या सळया वर आलेल्या. नोकरी हापशांची, म्हणजे सरकारी हातपंपांची. कुठल्या गावचा हापसा बंद पडला की मिस्त्रीच्या आधी आपण जायचं, बघायचं, कागद करायचा. किनवट, भोकर, पुढे लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा बदली होऊन इकडे. बावीस वर्षांत पाठीचे मणके मोजायला डॉक्टरची गरज राहिली नव्हती, कुठला कुठे आहे ते मला खड्ड्याखड्ड्याला कळायचं.

पण गाडी बदलायची ती पाठीसाठी नाही. बायकोसाठी. हे मी तेव्हा कुणाला सांगितलं नाही, आता सांगतो.

तिचं माहेर भोकर. सतरा वर्षांपूर्वी तिच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाला आम्ही नांदेडहून या गाडीवर गेलो होतो. रस्ता कसला, नुसती खडी. उतरल्यावर तिला खाली बसता येईना. लग्नाच्या पंगतीत सगळ्या बायका मांडी घालून बसलेल्या आणि ही दोन दिवस भिंतीला टेकून उभी. बायका काय, त्यांना तेवढंच पाहिजे. हसून हसून त्यांनी हिला नको नको केलं. परत निघायच्या दिवशी ती पिशवी घेऊन सरळ स्टँडवर गेली आणि म्हणाली, "या गाडीवर मला पुन्हा बसवायचं न्हाई." मीही तेव्हा तापट. म्हणालो, नको बसू.

झालं. सतरा वर्षं आम्ही प्रत्येक लग्नाला, बारशाला, तेराव्याला दोन गाड्यांनी गेलो. ती एसटीने, मी मोटारसायकलने. मी तिला स्टँडवर सोडायचो, तेही रिक्षाने, आणि घरी येऊन किक मारायचो. कुठल्याही दारात आम्ही कधी एकत्र उतरलो नाही. नातेवाईकांनी ठरवून टाकलं होतं की या दोघांचं पटत नाही. तिचा मोठा भाऊ तर दर दिवाळीला मला बाजूला घेऊन समजुतीच्या गोष्टी सांगायचा. आता याला काय सांगायचं? भांडण गाडीचं आहे, आमचं नाही, असं सांगितलं तर माणूस आणखीच संशयाने बघतो. आणि मनातून मला तिचाच राग यायचा. मी उन्हातान्हात पाठ मोडून घेतोय आणि ही बाई एसटीत खिडकीशी बसून आरामात झोपा काढत जाते, असं मला वाटायचं.

तेव्हा नव्या धाटणीच्या हलक्या मोटारसायकली निघाल्या होत्या. खात्यातल्या एका सोबत्याची मी चालवून बघितली. लांब, सलग, जाड फोमची सीट. मागे बसणाऱ्यालाही तेवढीच मऊ. खड्ड्यात गेली तर गाडी खाली-वर व्हायची, माणूस नाही. मी त्याच दिवशी नंबर लावला. घरी सांगितलं, पाठीसाठी घेतोय. मनात एकच होतं, की मागच्या सीटवर पहिली बसेल ती हीच.

गाडी आली ती ऐन दुष्काळात. पाऊस सलग दुसऱ्या वर्षी दगा देऊन गेलेला. माझे हापसे दिवसातून दहा घागरींवर दमायचे, मग नुसती हवा. शिरूर अनंतपाळकडच्या एका गावात बाया रात्रीपासून घागरींची रांग लावून ठेवायच्या आणि मी गेलो की दांडा माझ्याच हातात देऊन म्हणायच्या, सायेब तुमीच मारा, आमच्या हाताला येत न्हाई. लातुरात आमच्या गल्लीत टँकर दोन दिवसांआड चौकात उभा राहायचा, आणि चौक घरापासून दोन फर्लांगावर.

अशा दिवसांत चकचकीत नवी गाडी घरी आणणं म्हणजे उपाशी माणसासमोर लाडू खाणं. पण नंबर लागला तो लागला. तिने दारात गाडीची पूजा केली, हळदीकुंकू वाहिलं, आणि चाकांवर तांब्याभर पाणी घालायचं ते चमचाभर घातलं. नारळाचं पाणीसुद्धा वाया जाऊ दिलं नाही, शेजारच्या आजारी म्हातारीला पाठवून दिलं. मी किल्ली हातात घेऊन उभा. म्हटलं, बस, बाजारातल्या गोलाईपर्यंत चक्कर मारून आणतो.

ती म्हणाली टँकर आलाय.

आणि मी काय बोलतोय ते ऐकायच्या आधीच तिने दोन भरायच्या घागरी आणि एक डालड्याचा डबा आणून माझ्या मागच्या सीटवर ठेवला. सुतळीने बांधला. सतरा वर्षांनी मागची सीट भरली ती घागरींनी, आणि ठेवल्या तिनेच. मी चौकात गेलो, रांगेत उभा राहिलो, घरी आलो. उतरवताना घागरीचं बूड सीटला घासलं. पाणी सांडलं ते सीटच्या प्लास्टिकखाली गेलं. गल्लीला तर तेवढंच निमित्त. पुढच्या टँकरला समोरचे मास्तर डबे घेऊन हजर, त्याच्या पुढच्या टँकरला त्यांची मेहुणी. तुमची गाडी मऊ हाय, घागर हिंदकळत न्हाई, असं मला तोंडावर सांगायचे. माझ्या पाठीसाठी असलेला मऊपणा घागरींच्या कामी येत होता.

आमचे घरमालक लिंगायत, आडतीचे व्यापारी, गळ्यात लिंग, कपाळाला भस्म, आणि प्रत्येक गोष्टीवर सल्ला तयार. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची. ते म्हणाले, "सीटला कव्हर घाला. मऊ वस्तू उघडी ठेवू नये." त्यांच्या बैठकीतल्या गाद्यांवर पांढऱ्या चादरी, चादरींवर प्लास्टिक, आणि पाहुणा आला की त्याला सतरंजीवर बसवायचे. हे मला तेव्हा खटकायला पाहिजे होतं. खटकलं नाही. उलट पटलं.

कंपनीचं प्लास्टिक सीटवर होतंच, ते मी काढलेलं नव्हतं. कोण काढतो? घड्याळाच्या काचेवरचा कागद आपण वर्षभर काढत नाही. त्या प्लास्टिकवरून मी गोलाईजवळच्या दुकानात जाड रेक्झिनचं कव्हर शिवून घेतलं. काळं, दुहेरी टिपेचं, आत तागाचं अस्तर. दुकानदाराने असं ताणून बसवलं की बोट घातलं तर जाईना. दहा वर्षं सीटला काही होत नाही म्हणाला. त्याचं खरं होतं. सीटला काही झालं नाही, जे व्हायचं ते बसणाऱ्याला.

मग मी मोठ्या समाधानाने तिला म्हटलं, आता चल.

चैत्र संपत आलेला, दुपारचे चार. गाडी अंगणात उन्हात उभी. ती आडवी बसली आणि बसल्याबरोबर उठली. रेक्झिन तव्यासारखं तापलं होतं. मी आत जाऊन टॉवेल आणला, टाकला. ती पुन्हा बसली. गल्ली वळेपर्यंत टॉवेल रेक्झिनवरून घसरू लागला, त्याच्याबरोबर ती. गोलाईच्या वळणाला मी जरासा ब्रेक दाबला तर ती सीटच्या टोकावरून अर्धी खाली. पाय टेकला म्हणून पडली नाही. भाजीवाल्यांनी बघितलं. ती उतरली, टॉवेल झटकला, घडी घातली, माझ्या हातात दिला आणि पायी घरी निघाली. मी मागून गाडी ढकलत. चालवायची हिंमत झाली नाही, चालवली असती तर पुढे जावं लागलं असतं.

घरी आल्यावर मी चिडलो. सगळ्यांवर. अण्णांवर, दुकानदारावर, ऊन पाडणाऱ्यावर, मास्तरांच्या मेहुणीवर. हिला म्हणालो की तुझ्यासाठी म्हणून मी एवढं केलं आणि तू चार माणसांत उतरून चालू लागलीस. म्हणाल्यावर लक्षात आलं की तुझ्यासाठी हा शब्द मी पहिल्यांदा उच्चारला होता. ती चुलीपाशी भाकरी थापत होती. थापता थापताच म्हणाली,

"माझ्यासाठी घेतली तर मग झाकून कुणासाठी ठेवली?"

उत्तर नसलं की माणूस जास्त चिडतो. मी तीन आठवडे धुमसत राहिलो. गावोगाव त्याच कव्हरवर बसून फिरलो. पाठ पूर्वीसारखीच दुखायची, फक्त आता घामही यायचा. हाताखालचा मिस्त्री एकदा मागे बसला आणि उतरून म्हणाला की सायेब, जुनी बरी हुती. दगडापेक्षा वीट मऊ म्हणतात, मी विटेवर दगड शिवून घेतला होता.

तेवढ्यात भोकरहून पत्रिका आली. तिच्या मोठ्या भावाच्या मुलीचं लग्न. पाण्याची अडचण असल्याने मंडळींनी बेताने यावे, असं खाली शाईने लिहिलेलं. तिने नेहमीप्रमाणे एसटीची वेळ विचारून आणायला सांगितलं. मी स्टँडवर गेलो, वेळ विचारली आणि परत येताना दारातच गाडी उभी करून घरात गेलो, विळी आणली. कव्हरची टीप विळीच्या टोकाने उसवली. तागाचं अस्तर फाडलं. खालचं प्लास्टिक उन्हाने सीटला चिकटलं होतं, ते नखांनी ओरबाडून काढलं. अण्णा गॅलरीतून बघत होते. अहो, नवं कव्हर, असं म्हणत होते. मी वर बघितलं नाही. आत गेलो आणि तिला म्हटलं, सकाळी साडेसहाला एसटी आहे. पण मी पाचला निघतोय, ऊन व्हायच्या आत. यायचं तर ये.

ती दारात आली. सीटवर हात ठेवला, दाबून बघितला. मऊ गादीत बोटं गेली.

"अहमदपूरपर्यंत येते," ती म्हणाली. "तिथं येष्टी धरीन."

सकाळी निघालो. तिने फिरकीच्या तांब्यात पाणी घेतलेलं, तो मांडीवर. एक हात तांब्यावर, एक माझ्या खांद्यावर. मी इतक्या सावकाश चालवत होतो की दुधाच्या सायकली आम्हाला मागे टाकून गेल्या. प्रत्येक खड्ड्याला मी विचारायचो, लागलं का? ती म्हणायची, न्हाई. पुढच्या खड्ड्याला पुन्हा. शेवटी ती वैतागली आणि म्हणाली की रस्त्याकडं बघा. दोन्ही बाजूंना रानं काळी, भेगाळलेली, विहिरींवर मोटारी बंद. आणि तरी मला खरं सांगायचं तर त्या सकाळी इतकं बरं वाटत होतं की त्याची लाज वाटत होती. पाठ दुखत नव्हती. बावीस वर्षांत पहिल्यांदा मला पाठ आहे हे विसरायला झालं.

अहमदपूरच्या स्टँडवर आम्ही चहा घेतला. तासाभराने नांदेडची गाडी लागली. लग्नसराईची गर्दी, दारात माणसं लोंबकळलेली. मी मुकाट्याने तिची पिशवी हँडलवरून काढली. म्हटलं, चल, खिडकीची जागा बघतो. झोप काढ.

ती जागची हलली नाही. एसटीकडे बघत होती.

"झोप? सतरा वर्षांत एक डाव झोपले न्हाई मी येष्टीत," ती म्हणाली. "खिडकीतनं मागं बघत जायचे, तुमची गाडी येऊन राहिली का न्हाई. दिसली न्हाई की जीव थाऱ्यावर नसायचा. मान अवघडायची माझी."

कंडक्टरने घंटी दिली. एसटी धूळ उडवत निघून गेली. मला तिच्यावर भयंकर चिडायचं होतं. सतरा वर्षं! एक शब्द नाही सांगितला. मीही विचारला नाही, हे त्या धुळीत उभं राहून लक्षात आलं आणि चिडायला कुणी उरलं नाही. मी पिशवी पुन्हा हँडलला अडकवली. ती बसली. दोन्ही हात माझ्या खांद्यांवर ठेवले, तांब्या पिशवीत गेला.

लोह्यापर्यंत मी लागलं का म्हणून विचारलं नाही.

नांदेडला थांबलो, पाठ टेकली, उन्हं उतरल्यावर भोकरला पोचलो. मांडवाच्या दारात तिचा मोठा भाऊ पाहुण्यांचं स्वागत करत उभा. आम्हा दोघांना एका गाडीवरून उतरताना बघून त्याचा चेहरा पडला. पुढे येऊन त्याने काळजीने विचारलं, "येष्टीचा संप हाय का काय?"

माणसांना सरळ दिसलेलं काही पटतच नाही. मी तोंड उघडणार तोच ती म्हणाली, "न्हाई. मी यांच्यासंगं आले," आणि पदर सावरून बायकांत गेली. पंगतीत तिने मांडी घातलेली मला लांबून दिसली.

मी गाडीकडे वळून बघितलं. तोच मोठा मेहुणा उघड्या सीटवर बसून वर-खाली हलून बघत होता. हाताला हळदीचे डाग, धोतराला कसली तरी भाजी सांडलेली. बसू दिलं.