पिवळ्या पडद्यावरची होडी

नागपुरात बोटीची जुनी मशीन शोधणारा माणूस म्हणजे लोकांना हसायला विषय. ऑफिसात मी एकदा सहज विचारलं, बोटीवर बसवायचा चार्ट प्लॉटर कुठे मिळत असेल, तर शेजारच्या टेबलावरून लगेच आलं, "काहून साहेब, फुटाळा तलावात रस्ता चुकून राहिले का?"

मशीन भाऊजींना हवी होती. माझी थोरली बहीण पारशिवनीच्या पुढे, धरणाच्या काठच्या एका गावात दिलेली आहे. भाऊजी तिथल्या मच्छीमार संस्थेची मोटरबोट चालवतात. पहाटे निघायचं, धरणभर पसरलेल्या डोंग्यांकडून रात्रीच्या जाळ्यातली मासळी गोळा करायची आणि बर्फाची गाडी यायच्या आत काठाला आणायची. मी शाळेत असल्यापासून त्यांना हेच करताना पाहत आलो.

धरण भरलं तेव्हा खालचं जंगल पुरतं तोडलं नव्हतं. झाडांचे खुंट तसेच पाण्यात राहिले. हिवाळ्यात कालव्याला पाणी सुटलं की पातळी उतरू लागते आणि कालपर्यंत खोल असलेला खुंट पाण्याखाली वीतभर अंतरावर येऊन बसतो. धुक्याच्या दिवसांत म्हणून बोटीच्या टोकाला एक जण बसतो, हातात बांबूचा तुकडा घेऊन. इंजिनाच्या आवाजात हाक मागपर्यंत पोचत नाही, तेव्हा तो बांबू बोटीच्या कडेवर मारतो. एक ठोका म्हणजे डावीकडे, दोन म्हणजे उजवीकडे, सलग ठोके म्हणजे थांब. धुकं सरलं की टोक पुन्हा रिकामं.

गेल्या हिवाळ्यात भाऊजींची बोट खुंटावर चढली. पंखा तुटला, मासळीचे क्रेट पाण्यात गेले. माणसाला काही झालं नाही. धुकं होतं, असं भाऊजी म्हणाले आणि मी ते मानलं. पुढे पावसाळा सरता सरता त्यांचा फोन आला. काठावर कोणी तरी मोबाइलवर व्हिडिओ दाखवला होता, समुद्रातल्या बोटीवर नकाशाची मशीन असते, आपली होडी त्यात चालताना दिसते.

"नवीन नको. जुनी पाह्य. पण पडदा मोठा पायजे," ते म्हणाले.

"भाऊजी, मोबाइलमध्येही नकाशा असतो."

"मोबाइल उन्हात दिसते का गा? पोट्ट्याचं खेळणं आहे ते."

मी कामाला लागलो. मला असं काम आवडतं. संध्याकाळी घरी बसून वाचायचो, जुनी मशीन घेताना काय पाहावं. मागच्या पिनांवर हिरवट गंज आहे का, बटणांचं रबर फाटलंय का, पडद्याच्या कोपऱ्यातून ओल शिरलीय का, नकाशाचं कार्ड सोबत आहे का, पाण्याची खोली मोजणारा सेन्सर जोडता येतो का. बायको म्हणाली, एवढा अभ्यास लग्नाच्या आधी केला असता तर बरं झालं असतं. मी हसलो. ताईच्या घरासाठी मी काही करतोय, याचं एक समाधान होतं. ताईकडे जाणं मी बरेच महिने टाळत आलो होतो. कारण काहीच नव्हतं, आळस. त्यामुळे मशीन शोधणं मला जरा जास्तच गोड वाटत होतं.

मशीन सापडली नागपूरला लागूनच्या वाडी गावात. अमरावती रोडवर ट्रान्सपोर्टच्या गोदामांच्या मागे एक जण मोडीत निघालेल्या बोटींचं सामान ठेवतो. लाइफ जॅकेट, दोर, दिवे, भोंगे. तलावात बोटिंग चालवणारे ठेकेदार त्याचं गिऱ्हाईक. त्याच्याकडे तीन प्लॉटर होते. एक बंदच होता. एक लहान, जाडजूड, खोली मोजणाऱ्या सेन्सरसकट. तिसऱ्याचा पडदा मोठा, पण सेन्सर नाही.

"लहानवाला घ्या," दुकानदार मला म्हणाला. "पाण्याखालचं दाखवते. मोठावाला फक्त शान आहे."

माझंही मत तेच झालं होतं. पण चालवणारा माणूस येऊन पाहू दे, म्हणून मी भाऊजींना बोलावलं. ते बसने आले. धुतलेला पांढरा शर्ट, पायात नवी चप्पल. वाडीच्या ट्रकांच्या गर्दीतून ते माझ्या पुढे पुढे सरळ चालत गेले. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे सगळे मला विचारणार होते की तुला काहीच कसं जाणवलं नाही.

दुकानदाराने दोन्ही मशीन अंगणात आणल्या आणि एका उभ्या ट्रकच्या बॅटरीला वायरी लावल्या. भाऊजींनी लहान मशीन हातात घेतली आणि लगेच खाली ठेवली. "हे नाही." मोठीसमोर ते उकिडवे बसले. दुकानदाराला फोन आला म्हणून तो गेटकडे गेला.

मशीनला आकाशातले उपग्रह सापडले. पडद्यावर मध्यभागी एक छोटा काळा त्रिकोण आला, म्हणजे आपण. भोवती सगळं पिवळं. या नकाशात जमीन पिवळी आणि पाणी निळं असतं. आम्ही वाडीत होतो, तेव्हा पिवळं बरोबरच होतं. मी बटण दाबत नकाशा वर सरकवत नेला, पारशिवनी, त्याच्या पुढे. धरण जिथे यायला हवं होतं तिथेही पिवळंच. लहान-मोठं करून पाहिलं. निळा ठिपकासुद्धा नाही. समुद्रासाठी केलेला नकाशा होता तो. किनाऱ्यावर कोण्या आधीच्या मालकाने ठेवलेल्या खुणा त्यात अजून होत्या, खडकांच्या, जाळ्यांच्या. पण किनारा सोडून आत आलं की नकाशाच्या लेखी पाणी संपलेलंच. आमचं एवढं मोठं धरण त्याला माहीत नव्हतं.

"हे पहा भाऊजी, आपलं धरण," मी एवढंच म्हणालो होतो. पुढे 'यात नाहीच' असं म्हणणार होतो.

त्याआधीच भाऊजी वाकले आणि म्हणाले, "वा! काय निळंशार दाखवून राहिलं गा! पूरं धरण आहे न हे!"

मी पडद्याकडे पाहिलं. वरपासून खालपर्यंत पिवळा. मग त्यांच्याकडे पाहिलं. त्यांचे डोळे पडद्यावर नव्हते. मान थोडी वाकडी करून, पडद्याच्या बाजूला, ट्रकच्या चाकाकडे बघत होते. कडेच्या नजरेने काही हाती लागतं का, असं ते पाहत होते. चेहऱ्यावर हसू होतं आणि ते माझ्या उत्तराची वाट पाहत होते.

"हो," मी म्हणालो. "पूर्ण धरण आहे."

दुकानदार फोन संपवून आला. "काय साहेब, सापडला तुमचा तलाव?"

"सापडला," मी दुसऱ्यांदा म्हणालो.

"नशीब हाय तुमचं. सगळ्यांत नाही भेटत."

मोठी मशीन घेतली. वायरिंग करून रविवारी आणतो, असं सांगून ती मी माझ्याकडे ठेवून घेतली. स्टँडवर चहा प्यायलो. कपापाशी हात नेताना भाऊजींची बोटं आधी टेबलावर चालत गेली, मग कपाला लागली. ही सवय मी आधीही पाहिली असणार. त्या दिवशी ती मला दिसली. बस आली, ते बसले, खिडकीतून मी उभा होतो त्याच्या जरा बाजूला हात केला. मीही हात केला.

त्या वेळी मला वाटत होतं, परक्या माणसासमोर मी त्यांची लाज राखली. घरी येईपर्यंत हे कारण पुरलं. मग ताईचा फोन आला.

"भेटली म्हणते मशीन! फार चांगलं केलं बाबू तू. माझे गुडघे वाचवले."

"तुझे गुडघे?"

"मीच बसते न पुढं. बांबू घेऊन. तो पंखा तुटला तवापासून. पहाटेच्या थंडीत त्या फळीवर बसून बसून पाय धरते माझे. आता सोमवारपासून नाही जात म्हटलं ह्यायले. मशीन सांगते न सारं."

"ताई, पण ते तर धुक्यापुरतं असतं."

"उन्हाळाभर बसली मी. पावसाळ्याची बंदी सोडली तर रोजच. ते म्हणत, आजकाल खुंट लय झाले."

मी तेव्हा सांगायला हवं होतं. दोन वाक्यांचं काम. सोमवारी तो माणूस एकटा पाण्यात जाणार होता आणि जाणार होता तो माझ्या 'हो'वर. पण ताई इतकी खुशीत होती, रविवारी जेवायला काय करू विचारत होती, आणि मी म्हणालो, काहीही कर. फोन ठेवल्यावर मशीन चालू करून बसलो. पिवळ्या पडद्यावर तो काळा त्रिकोण माझ्या घरात उभा होता. भाऊजींची लाज वगैरे काही नव्हतं. त्या अंगणात मला अवघड बोलणं नको होतं, एवढंच होतं.

रविवारी गेलो. वाटेत चार वेळा वाक्य जुळवलं. काठावर पोचलो तर भाऊजींनी बोट धुऊन ठेवली होती. मशीनसाठी लाकडी खोका ठोकला होता, त्याला निळा रंगही दिला होता. मी मशीन बसवली, वायरी जोडल्या. ताई काठावर जाळं झटकत होती.

"चाल, एक चक्कर मारू," भाऊजी म्हणाले.

"आधी जेवू ना."

"जेवण पळून राहिलं का?" त्यांनी दोर सोडला आणि इंजिनाची दोरी ओढली.

मी टोकाला जाऊन बसलो. बांबू काठावरच राहिला होता. ऊन स्वच्छ होतं, धुक्याचा मागमूस नाही. थोडं पुढे गेलो आणि समोर जाळ्याची खूण म्हणून बांधलेला तेलाचा डबा दिसला, भगव्या रंगाचा, अगदी नाकासमोर. भाऊजी वळवतील म्हणून मी थांबलो. बोट सरळ जात राहिली. जाळ्याचा दोर पंख्यात गेला असता. मी वळून पाहिलं. ते ताठ बसले होते, चेहरा समोर, शांत. मी तळहाताने कडेवर दोन ठोके मारले. बोट त्या क्षणी उजवीकडे वळली, जणू माझ्या हाताला दोरीने बांधली होती. डबा बाजूने गेला.

त्यांनी इंजिन बंद केलं.

"काय होतं?"

"जाळ्याचा डबा."

"मशीननं काहून नाही सांगितलं?"

"भाऊजी, मशीनमध्ये धरणच नाही. सगळा पडदा पिवळा आहे. वाडीलाही पिवळाच होता."

बोट आपोआप हळूहळू फिरत होती. त्यांनी हात पुढे करून पडद्याला लावला, काच पुसल्यासारखा.

"तुले तवाच माहीत होतं?"

"हो."

"मंग काहून घेऊ देली गा? मी आंधळा असंन, तू तर नोहस!"

चुकलो, म्हणालो. त्यांनी मला आणखी दोन-चार शब्द ऐकवले, ते लिहीत नाही. मी ऐकून घेतले. मग म्हणाले, "मले वाटलं, मोठा असला त दिसंन. मोबाइलचा लहान होता म्हणून नाही दिसत, वाटलं." समोर पाहिलं की मधोमध एक राखाडी डाग येतो, कडेचं दिसतं, असं त्यांनी त्या दिवशी पहिल्यांदा कोणाला तरी सांगितलं. मी हाताने ठोके देत होतो, तसे आम्ही काठाला परतलो.

ताईने आमचे चेहरे पाहून विचारलं, काय झालं. "याले पूस," भाऊजी म्हणाले. मी सगळं सांगितलं, वाडीचंही, फोनवर गप्प राहिलो तेही. मला वाटलं ती रडेल. तिने जाळं खाली टाकलं.

"अन् मी काय पुतळी म्हणून बसत होती पुढं? मले नाही समजत काय, असं वाटते तुमाले दोघाले? मी म्हटलं मशीन आली त ह्यायची अब्रूबी राहीन अन् जीवबी." मग माझ्याकडे वळून, "तू त शिकेल-सवरेल आहेस. हो कसं म्हणलं गा तू?"

त्या दिवशी जेवण कोणाला गेलं नाही. सोमवारी बोट निघाली नाही. मी भाऊजींना नागपुरात डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. साखर वाढलेली होती, डोळ्याच्या आतला पडदा मधोमध खराब झाला होता. गेलेलं परत येणार नाही, उरलेलं इंजेक्शनांनी टिकवू, असं डॉक्टर म्हणाले. आधी आणलं असतं तर, हे वाक्य त्यांनी अर्ध्यावर सोडलं. मी ते वाक्य घरी घेऊन आलो. ते अजून माझ्याकडेच आहे.

आता इंजिनाचा दांडा ताईकडे आहे. संस्थेत दोघा-तिघांनी नाक मुरडलं. पण टोकाला बसून एवढे महिने धरणातला खुंट न् खुंट तिनेच पाहिला होता, तेव्हा दुसरं नाव कोणाला सुचलं नाही. भाऊजी काठावर मासळी तोलून घेतात. मासा हातात घेतला की त्यांना अजूनही कळतं, रात्रीचा की पहाटेचा. मशीन परत करावी असं मी म्हणालो होतो, ताईने करू दिली नाही. खुंट आला की ती बटण दाबते आणि पडद्यावर तिथे एक खूण राहते. बोट गेली ती रेघही राहते.

परवा मी गेलो तेव्हा भाऊजी बोटीत आले. मधल्या फळीवर बसले, माझ्या शेजारी.

"काय दाखवून राहिली मशीन?" त्यांनी विचारलं.

"पिवळं आहे सगळं. मध्ये आपला त्रिकोण. ताईच्या खुणा आहेत, बऱ्याच झाल्या. डाव्या हाताला जास्त."

"अन् पानी?"

"पाणी नाही दाखवत."

"मंग हात घालून पाह्य," ते म्हणाले. मागून ताईने ओरडून विचारलं, काय बोलून राहिले. भाऊजींनी, खुंट वगैरे काही नसताना, बोटीच्या कडेवर थांबायचे सलग ठोके मारले आणि तिने घाबरून इंजिन बंद केलं. मग त्यांना तिच्याकडून जे ऐकावं लागलं, ते काठापर्यंत ऐकू गेलं असेल.