गोदाक्काचं जंगल

गोदाक्काचं जंगल बघायला जायचं असेल, तर आधी स्वतःला गोदाक्काला दाखवून घ्यावं लागे. कनकपुऱ्याच्या पलीकडे, जिथे बसचा रस्ता संपून बैलगाडीची वाट सुरू होते, तिथे तिच्या सासऱ्यांनी घेतलेली एक अख्खी टेकडी होती. टेकडीवर दाट झाडी, कड्यावरून कोसळणारा धबधबा आणि धबधब्यापासून हाकेच्या अंतरावर चार खोल्यांचा कौलारू बंगला. हा बंगला ती पाहुण्यांना राहायला भाड्याने देत असे. निदान तशी पाटी तरी चामराजपेटेतल्या आमच्या दारावर होती. पाटी वाचून माणसं येत, उप्पिट्टु खात, कॉफी पीत आणि बहुतेक वेळा हात हलवत परत जात.

गोदाक्का माझी सख्खी आत्या. पण आमची घराणी तीनशे वर्षांपूर्वी बेंगळूरला आली ती इथलीच होऊन गेली. आत्याला आत्या म्हणायचं विसरून सगळी पेठ तिला अक्का म्हणे, आणि मीही तेच म्हणे. नवरा लवकर गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती आमच्या घरी परत आली. येताना सासरचं एकच काही मनात घेऊन आली, ती टेकडी. टेकडी कागदावर तिच्या धाकट्या दिराच्या, मुकुंदरावांच्या नावावर होती. ते म्हैसूरला वकिली करत. त्यांना त्या झाडीत काही रस नव्हता. "वहिनी, जंगल आपला खर्च आपण भागवत असेल तर राहू दे," ते म्हणाले होते. "राखणदाराचा पगार, सारा, बंगल्याची कौलं. माझ्या खिशातून जायला लागलं की मी विकणार. मग रडायचं नाही."

एकोणीसशे अठ्ठावन्न-एकोणसाठचा सुमार असेल. तेव्हा बेंगळूरात लोकांना सुट्टीत कुठेतरी जाऊन राहायची नवी नवी हौस लागली होती. एवढ्या जवळ धबधबा, वर राहायची सोय, स्वयंपाकाला बाई. बंगला भरायला काहीच अडचण नव्हती. अडचण एकच होती, ती म्हणजे बंगल्याची मालकीण.

ती पाहुणे बघत असे. बघत असे म्हणजे आपल्याकडे मुलगी द्यायची म्हटली की स्थळ बघतात, तसं. पुढच्या खोलीत सतरंजी घालायची, उप्पिट्टु, केळं आणि कॉफी पुढे करायची, आणि स्वतः स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी पाटावर बसून एकेक प्रश्न विचारायचा. सकाळी कितीला उठता? पानसुपारी खाता? थुंकता कुठे? घरात भांडणं झाली तर आवाज चढतो का? मी विमा कंपनीतला कारकून. संध्याकाळी दमून यायचो आणि त्या सतरंजीच्या कडेला मध्यस्थासारखा बसायचो, कारण बहुतेक पाहुणे मीच पटवून आणलेले असत.

मल्लेश्वरमच्या पद्माक्का आठवतात. जाडजूड, हसऱ्या, आवाज असा की रस्त्यावरच्या माणसाने वळून बघावं. नवरा शाळामास्तर, चार मुलं, सासू, आणि वर एक भाची. पूर्ण बंगला आठवडाभर हवा होता. मी मनातल्या मनात राखणदाराचा पगार देऊन मोकळा झालो.

"पोरं ओरडतात का?" गोदाक्काने विचारलं.

"अय्यो अक्का, पोरं ती! ओरडणारच की," पद्माक्का म्हणाल्या. "पोरांचं काय घेऊन बसलात, धबधबा दिसला की मीच पयली ओरडते बघा."

मास्तर हसले. भाची हसली. मीही हसलो, आणि हसता हसता गोदाक्काच्या तोंडाकडे बघितलं. ती उठून केळ्याची सालं गोळा करायला लागली होती. ही तिची नकाराची खूण होती. "सरी, बरं," ती म्हणाली, "यंदा बंगल्याची कौलं काढलीत हो. पुढच्या वर्षी बघू या." कौलं कुणी काढली नव्हती. पद्माक्का बिचाऱ्या चढायच्या आधीच खाली उतरल्या.

ते लोक गेल्यावर मी भिंतीवर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं. "अक्का, अगं ते काय मुलगी मागायला आलेत? चार दिवस राहतील, पैसे देतील, जातील!"

"जंगलात ओरडायचं नसतं रे," ती शांतपणे म्हणाली. "तिथं ते सगळे राहतात. आपण पाव्हणे. पाव्हण्यानं यजमानाच्या घरात बोंबलायचं?"

"कोण सगळे?"

"सगळे," असं म्हणून ती उप्पिट्टुचं पातेलं घासायला गेली.

आमच्या ऑफिसातले मोठे साहेब आले, त्यांची तर तिने त्याहून जास्त वाट लावली. साहेबांना दर उन्हाळ्यात सगळ्या स्टाफसाठी बंगला हवा होता. म्हणजे एकाच माणसाने होकार दिला की जंगलाची ददात मिटली. सगळं सुरळीत चाललं होतं. साहेब पान खात नव्हते, पहाटे उठत होते. शेवटी गोदाक्काने विचारलं, "घोरता का हो?" साहेबांनी बायकोकडे बघितलं. त्यांच्या बायकोने तोंडाला पदर लावला. "खरं बोलायचं तर..." असं ती म्हणाली मात्र, गोदाक्का सालं गोळा करायला उठली. दुसऱ्या दिवशी ऑफिसात साहेबांनी मला तीनदा बोलावून तीच फाइल पुन्हा करायला लावली. पुढे महिनाभर माझी मान वर झाली नाही.

तिच्यावर चिडावं तर पंचाईत ही, की जंगलात ती खरोखरच वेगळी दिसे. वर्षातून दोनदा मी तिच्याबरोबर जायचो. कलासीपाळ्यमहून बस, मग बैलगाडी. टेकडीच्या पायथ्याशी ती वहाणा काढून हातात घेई. गावातले लोक धबधब्याला हालुहळ्ळ म्हणत, म्हणजे दुधाचा ओढा. तिथे पोचलं की ती एका खडकावर बसे आणि बसूनच राही. पाण्यात उतरायला तिने कुणालाच परवानगी दिली नव्हती, स्वतःलाही नाही. "बघायला दिलंय देवानं. पाय बुडवायला कशाला पायजे?" घरी दिवसभर चालणारी तिची तोंडाची टकळी तिथे बंद पडे. माझ्या आत्याला मी इतकं सुखात दुसरीकडे कुठे पाहिलेलं नाही, आणि म्हणूनच ते जंगल तिच्याच हट्टापायी हातचं जाणार हे दिसत असताना माझा जळफळाट होई.

आणि मग एक माणूस तिला पसंत पडला.

हेरेकर त्याचं नाव. बेळगावकडचा, चाळिशीचा, एकटा. सतरंजीवर मांडी घालून बसला तो असा की सतरंजीला सुरकुती पडली नाही. कॉफी पिताना आवाज नाही. पान नाही, तंबाखू नाही. "आवाज कशाला करायचा, अक्का?" तो बेळगावी सुरात म्हणाला. "झाडं बघाय येतोय मी. झाडाजवळ माणसानं गप्पच ऱ्हावं की."

गोदाक्काने मला आत बोलावून हळूच सांगितलं, "दुसरं उप्पिट्टु आण. तुपातलं."

हेरेकर वर्षभरात चारपाच वेळा बंगल्यावर जाऊन राहिला. दर वेळी एकटा, चार खोल्यांत एक माणूस, आणि भाडं एकाच खोलीचं, कारण "त्याला बाकीच्या खोल्या काय करायच्यात?" हे गोदाक्काचं गणित. मी दातओठ खात बघत राहिलो. एकदा आम्ही गेलो तेव्हा तोही तिथे होता. सकाळी उठून बघतो तर हा गृहस्थ झाडीत हिंडतोय, आणि एकेका झाडाला मिठी मारतोय. शिसवीला मारली, पुढे जाऊन बिबळ्याच्या झाडाला मारली. मिठी मारून क्षणभर डोळे मिटून उभा राही, मग पुढच्या झाडाकडे जाई.

गोदाक्का माझ्याशेजारी व्हरांड्यात उभी होती. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. "बघितलास?" ती कुजबुजली. "तुझ्या त्या साहेबाला जमलं असतं हे?"

मलाही तो भला माणूस वाटला, थोडा चक्रम वाटला इतकंच. झाडाला मिठी मारणाऱ्या माणसावर संशय घ्यायला आम्ही कुठे शिकलो होतो?

पुढच्या पावसाळ्याआधी मुकुंदराव म्हैसूरहून आले, आणि त्यांच्या पाठोपाठ आमच्या दारात वहाणा काढून आत आला तो हेरेकर. गोदाक्का आनंदून आत कॉफीला वळली, तेवढ्यात मुकुंदराव म्हणाले, "वहिनी, बस जरा. टेकडी विकली मी. झाडं हे नेणार. मोठ्या लाकूडकंपनीचं काम बघतात हे. मला वाटत होतं नुसती झुडपं आहेत तिथं. यांनी येऊन सांगितलं तेव्हा कळलं आपण कशावर बसलोय."

मी मुकुंदरावांशी भांडायला तोंड उघडलं, पण बोलणार काय? इतकी वर्षं त्या बंगल्यातून राखणदाराचा पगारसुद्धा नीट निघाला नव्हता, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.

गोदाक्काने हेरेकरकडे बघितलं. तिने रागावून नाही, खरंच जाणून घ्यायचं म्हणून विचारलं, "ती मिठी मारत होता, ती?"

हेरेकर खोटं बोलला नाही, एवढं मी त्याच्या बाजूने सांगीन. खाली बघत तो म्हणाला, "घेर मोजत होतो, अक्का. हात पसरलं की अंदाज येतोय मला. टेप काढली की लोकं विचारत्यात."

"हौदा?" गोदाक्का म्हणाली. असं का, एवढंच. मग आत गेली आणि त्याच्यासाठी कॉफी घेऊन आली. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. तो निघून गेल्यावर मी तिला म्हणालो, "त्याला कॉफी कशाला दिलीस?" ती म्हणाली, "आलेल्या माणसाला तसंच पाठवायचं?" मल्लेश्वरमची आठ माणसं तिने कशी परत पाठवली होती ते माझ्या ओठांवर आलं, पण तिचा चेहरा बघून मी गिळून टाकलं.

पाऊस सुरू होऊन महिना झाला असेल. पाऊस थांबून वाट वाळली की तोड सुरू व्हायची होती. एका सकाळी गोदाक्का लुगडं नेसून, छत्री घेऊन तयार. "चल," म्हणाली, "मल्लेश्वरमला जायचंय." दिवसभर मी तिच्यामागे हिंडलो. ज्यांना ज्यांना तिने नाकारलं होतं त्यांच्या दारात ती स्वतः गेली. पद्माक्कांकडे, साहेबांकडे, चामराजपेटेतल्या दोन घरी. प्रत्येक ठिकाणी एकच वाक्य. "जंगल जातंय हो. त्याच्या आधी येऊन बघून जा. पैसे बियसे काही नकोत." साहेबांच्या बायकोने दार लोटून घेतलं असतं तरी मी तिला दोष दिला नसता. पण ती आली. सगळे आले. एक अख्खी बस करावी लागली.

धबधबा त्या वर्षी मी आजवर पाहिला नव्हता इतका भरून वाहत होता. मुलं दिसताक्षणी ओरडत सुटली, आणि बोलल्याप्रमाणे सगळ्यांत आधी ओरडल्या त्या पद्माक्का. साहेब धोतर खोचून गुडघाभर पाण्यात उभे होते आणि हसत होते. आमच्या ऑफिसात त्यांना हसताना कुणी पाहिलं नव्हतं. मी सवयीने गोदाक्काच्या खडकाकडे बघितलं. पद्माक्का तिचा हात धरून ओढत होत्या. "या हो अक्का, स्वल्प या, मी धरते!" मला वाटलं आता ही सालं गोळा करणार. पण गोदाक्काने चष्मा काढून माझ्या हातात दिला, आणि पांढऱ्या लुगड्यासकट ती त्या पाण्याखाली गेली. पाणी डोक्यावर पडलं तशी ती किंचाळली. सगळ्या मुलांपेक्षा मोठ्याने किंचाळली, आणि मग थांबेचना.

माझा इतक्या वर्षांचा राग त्या क्षणी उसळून वर आला. हेच तर मी सांगत होतो! हीच माणसं, हाच आवाज, दर सुट्टीला! मी पाण्याच्या काठाशी जाऊन ओरडलो, "अक्का! हे आधी केलं असतंस तर जंगल राहिलं असतं! ऐकतेयस का? जंगल राहिलं असतं!"

तिने कानाला हात लावून दाखवलं. ऐकू येत नाही म्हणून. आणि पुन्हा पाण्याखाली गेली.

त्यानंतर गोदाक्का सात-आठ वर्षं जगली. टेकडीचं नाव तिने घरात काढलं नाही, आणि कनकपुऱ्याची बस कुठून सुटते हेही विसरल्यासारखी वागली. ती गेल्यावर मी एकदा तिकडे जाऊन आलो. धबधब्याच्या जागी कड्यावरून एक ओली रेघ उतरत होती. गावातला म्हातारा म्हणाला, झाडं गेल्यावर पाणीही राहिलं नाही. मला आजही तिचा राग येतो. राग येतो आणि त्याच वेळी तिचं ते किंचाळणं आठवतं, आणि दोन्ही एकदम आल्यावर माणसाने काय करायचं ते मला कळत नाही.

त्या दिवशी पाण्यातून आल्यावर सगळे पुढे गेले, आणि आम्ही दोघं मागे राहून चढ चढत होतो. तिचं लुगडं ठिबकत होतं. मी चष्मा पुसून तिच्या हातात दिला. तो डोळ्यांवर चढवून ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "तू बोललास ते ऐकू आलं होतं रे मला."

"मग?"

"उत्तर नव्हतं माझ्याकडे," गोदाक्का म्हणाली. "म्हणून पाण्यात बसून राहिले."