मागच्या गेटनं

"कामवालीची मुलगी ना तू? मग मेन गेटनं कशी आलीस?"

सोसायटीचे सेक्रेटरी आरतीला विचारत होते. नववीतली पोर. अंगात शाळेचा गणवेश. मी तिचा विज्ञानाचा शिक्षक, शेजारीच उभा.

करंजाडेतल्या त्या सोसायटीच्या बागेत आमच्या शाळेची हवामानाची पेटी आहे. पांढरी, झडपांची, आत तापमापक. ती मोकळ्यावर, हिरवळीवर लावावी लागते. आणि हिरवळ टॉवरवाल्यांकडेच. मुलं आळीपाळीनं सकाळी नोंद घेतात. त्या दिवशी पाळी आरतीची. तिची आई त्याच सोसायटीत भांडी घासते.

"मी कामाला नाय आले, काका. तापमान बघायला आले."

"मग आईकडे किचनमध्ये जा. तिथं भरपूर तापमान आहे."

लिफ्टजवळचे दोघं हसले. आरतीनं माझ्याकडे बघितलं. आणि मी म्हणालो, "जा गं, मागच्या गेटनं ये. दोन मिनिटांचं तर काम."

ती मागे गेली नाही. सरळ घरी गेली.

माझी आई वाशीत धुणीभांडी करायची. स्टाफरूममध्ये मी ती शिक्षिका होती असं सांगत आलोय. मागच्या जिन्यानं मीही चढलोय. "मागनं ये," आईच म्हणायची. ती भीतीनं म्हणायची. मी कशानं म्हणालो?

वर्गात लक्ष लागेना. खडू हातात, आणि वाक्य अर्धवट. दुपारी मुख्याध्यापकांनी बोलावलं. तापमानाच्या नोंदींचा तक्ता स्पर्धेला जायचा होता आणि आजचा रकाना रिकामा.

"मोबाइलवर बघून आकडा टाका ना, सर. कोण बघतंय?"

"नोंद नसेल तर रकाना रिकामा ठेवायचा. कारण लिहायचं. मीच शिकवलंय मुलांना."

"मग लिहा, आजारी होती."

"आजारी नव्हती."

त्यांच्यासमोरच लिहिलं. 'विद्यार्थिनीला गेटवर अडवलं. शिक्षकानंही मागच्या गेटनं जायला सांगितलं.' खाली सही केली.

"वेड लागलंय का? जागा त्यांची आहे. पेटी काढायला लावतील."

"लावू दे."

संध्याकाळी आरतीच्या खोलीवर गेलो. माफी मागितली. मग लिहिलेलं दाखवलं. तिनं दोनदा वाचलं.

"तुमची सही हाय. अडवलं त्यांचं नाव कुठंय?"

मी तिथंच, तिच्यासमोर, ते नाव लिहिलं.

उद्याची पाळीही मी तिलाच दिलीय. ती यायला तयार असेल तर मेन गेटनं, मी बरोबर. अडवलं तर उद्याचाही रकाना रिकामा, कारण नावासकट. स्पर्धेला हाच तक्ता जाईल. नाहीतर कुठलाच जाणार नाही.